शिशाची फौज, फोडणीची पळी

छंद

"काही छंद?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"वाचन," मी म्हणालो.

पलंगाच्या पायथ्याशी माझी बायको सुनंदा उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पेपर सोडला तर मी काही वाचत नाही हे तिला चांगलं माहीत. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही ही तिची लग्नापासूनची रीत. ती गप्प राहिली अन् मॅडम पुढच्या पलंगाकडे गेल्या.

मी आता बरा आहे, म्हणजे बराचसा आहे. बरं झालेला माणूस लिहितो तेव्हा धीर देण्यासाठी लिहितो. माझ्याजवळ देण्यासारखा धीर फारसा नाही. मी त्या 'वाचन' शब्दासाठी लिहितो आहे. ज्याला आपला छंद सांगायला जीभ उचलत नाही, असा कोणी हे वाचेल तर त्यानं डॉक्टरला तरी सगळं सांगावं. बाकी जगाला नाही सांगितलं तरी चालेल.

माझा छंद म्हणजे फौजा. अंगठ्याएवढे शिपाई, घोडेस्वार, तोफा. ते घडवायचे, रंगवायचे आणि मग दोन-तीन मित्रांनी मिळून मोठ्या टेबलावर त्यांची लढाई लावायची. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, कोणाची पलटण किती सरकली, कोणाचे किती पडले ते ठरवायचं. एका लढाईला अख्खी दुपार जाते. कॅरम खेळणारा माणूस लोकांना चालतो, पत्ते खेळणारा चालतो. पण पन्नाशी उलटलेला, पाटबंधारे खात्यातला आरेखक, पोरीचं लग्न झालेला बाप शिपाई मांडून बसतो म्हटलं की लोक आधी एकमेकांकडे पाहतात अन् मग हसतात. सुनंदाचा भाऊ सावनेरहून आला होता, त्यानं एकदा माझं कपाट उघडलं. "काय भाऊजी, बाहुल्या खेळून राह्यले काय?" असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप घातलं.

पळी

आधी भूक गेली. मग तोंडात नाणं धरल्यासारखी चव राहू लागली. मग पोटात पीळ पडायला लागले. ऑफिसात नकाशा पसरलेला असायचा अन् मी त्याच्यावर पालथा पडून दात आवळत असायचो. गॅसच्या गोळ्या झाल्या, पोटात दुर्बीण घालून झाली, 'टेन्शन घेऊ नका' हे पण ऐकून झालं. मी चिडका झालो होतो. वरणात मीठ कमी म्हणून एकदा ताट सरकवलं. सुनंदानं ते उचललं आणि वरणात मीठ घालून परत आणलं. तिलाही थकवा यायचा, तिचेही केस गळायचे, पोट दुखायचं. पण तिच्या दुखण्याला आम्ही दोघंही 'या वयात बायकांले होतेच' म्हणायचो आणि सोडून द्यायचो.

आता पळीचं सांगतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाही तर पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव येईल, आणि ती मला नको.

बाजारात जे प्लास्टिकचे शिपाई मिळतात ते सगळे परदेशी. रोमन मिळतात, राक्षस मिळतात, अंतराळातले चिलखतवाले मिळतात. नागपूरकर भोसल्यांचा घोडेस्वार कोणी काढत नाही. आणि मला लावायची होती सीताबर्डीची लढाई. टेकडीवर इंग्रज कंपनीच्या पलटणी, खाली भोसल्यांची फौज अन् त्यांचे अरब शिपाई. मग मी स्वतःच पुट्टीत एक घोडेस्वार कोरला, त्याचा रबरी साचा केला आणि त्यात शिसं ओतायला लागलो. शिसं टायरवाल्याकडून आणायचो. चाकाचा तोल राखायला रिमला जे तुकडे ठोकतात, त्यातले काढलेले तो डब्यात टाकतो. ते वितळवायचे अन् साच्यात सोडायचे.

वितळवायला मी सुनंदाची फोडणीची पळी घ्यायचो. लोखंडी, खोलगट, लांब दांड्याची. शिसं वितळवायला तिच्याहून चांगली वस्तू घरात नव्हती. रविवारी सकाळी सुनंदा विहारात वंदनेला गेली की मी तिच्याच गॅसवर, तिच्याच पळीत शिसं वितळवायचो. ती यायच्या आधी पळी तारेनं घासून, चकचकीत करून खिळ्याला टांगायचो. शिपाई बाजारातून येतात असंच ती समजायची. तिच्यात काही उरत असेल हा विचार मला आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. घासली ना, मग झालं, असं म्हणून मी तो मागे टाकला.

धार नीट पडावी म्हणून मी पळीचा काठ एका बाजूनं पकडीनं जरासा वाकवला होता. सुनंदाच्या ते लक्षात आलं. "पळी कुठं तरी आपटली वाटते," ती म्हणाली, "पण आता फोडणी कशी छान पडते, पाहा ना. बाहेर सांडतच नाई." मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

हळद

शेवटी दवाखान्यात दाखल झालो. रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी दुपारी मॅडमनी आम्हाला दोघांना वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं. त्या वयानं आमच्या पोरीहून, प्राचीहून, थोड्याच मोठ्या. म्हणाल्या, "काका, तुमच्या रक्तात शिसं आहे. भरपूर आहे. पोटदुखी त्याचीच, रक्त कमी झालंय ते त्याच्यामुळंच. आता हे आलं कुठून ते शोधायचं."

मला त्याच क्षणी कळलं. शोधायचं काही राहिलंच नव्हतं. डोळ्यांसमोर ती पळी आली, खिळ्याला टांगलेली.

मॅडम एकेक विचारत गेल्या. वैदूकडच्या पुड्या, भस्म? नाही. बॅटरीचं काम? नाही. घरात रंगकाम? नाही. कल्हईची भांडी? सुट्टी हळद, तिखट?

"हळद," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "हळद माह्या भावाकडची हाये, सावनेरची. तो तिकडूनच दळून पाठवते. वर्षानुवर्षं तेच खाऊन राह्यलो आम्ही."

"कधीकधी हळदीला पिवळा रंग चढवायला भेसळ करतात," मॅडम म्हणाल्या. "तपासून घेऊ. तोवर वापरू नका."

सुनंदा पदरानं तोंड दाबून रडायला लागली. "मीच घातली ना ह्यायच्या पोटात," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलेला. मला एवढंच म्हणायचं होतं की सुनंदा, हळद नाही, मी. तेवढं माझ्यानं झालं नाही. उलट, सांगायला शरम वाटते, पण मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं. बाहुल्या म्हणणाऱ्या साळ्याची हळद. होऊ दे त्याचं नाव.

संध्याकाळी तिनं घरी जाऊन हळदीचा डबा मोरीत ओतला आणि भावाला फोन केला. बहीणभावाचं भांडण झालं. बाप गेल्यापासून त्या दोघांत कधी आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली तेव्हा डोळे सुजलेले होते. डब्यात वरण-भात होता, बिनहळदीचा, पांढराफटक. फोडणी मात्र होती. मी जेवलो नाही, मळमळते म्हणालो.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ लवकर होते. फिनाईलचा वास, मग चहावाला, मग सिस्टर. सलाईन लागलं की माणूस पलंगाचा होतो. माझ्या शेजारी कन्हानचे एक म्हातारे बाबा होते, मूत्रपिंडाच्या दुखण्याचे. त्यांना माझं दुखणं भारी वाटायचं. "शिसं? बंदुकीच्या गोळीतलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मंग तू लढाईवरून आला म्हण ना गा," म्हणाले अन् स्वतःच हसले. तोंडात दात नव्हते, हसणं मात्र मोकळं होतं. त्यांची सून पपई कापून आणायची तर पहिली फोड मला द्यायची. माझ्या अंगात काय आहे, कुठून आलं, याची त्यांना काही पडली नव्हती. त्या दिवसांत मला घास गिळता आला तो त्यांच्या पपईचा.

उजवं मनगट तेव्हा ढिलं पडलं होतं. चहाचा कप उचलला की हात खाली लोंबायचा. ज्या हातानं मी घोडेस्वाराच्या मिशीचा केस काढायचो, त्या हाताला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लागत नव्हतं. सुनंदा लावून द्यायची. लावताना तिची बोटं थंड असायची, नखं फिकी. मी ती पाहायचो आणि खिडकीकडे तोंड करायचो.

बोरकर आला तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बोरकर माझा खेळातला जोडीदार, कोराडीच्या कॉलनीत राहतो. टेबलावर तो नेहमी कंपनीकडून लढतो आणि नेहमी जिंकतो. बसमध्ये उभं राहून आला होता, घामाघूम. सुनंदा औषधं आणायला खाली गेली तसा तो स्टुलावर बसला.

"शिसं म्हणते वहिनी."

"हो."

"अन् हळदीतून आलं म्हणते."

मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

"तुह्या घोडेस्वारानंच तुले पाडलं बे," बोरकर म्हणाला. तो हसत नव्हता. "तू कानशीनं घासत बसते, अन् तेच बोट तोंडात, तोच ब्रश तोंडात. हजारदा सांगतलं तुले. मॅडमले सांगतलं का?"

"सांगतो."

"कधी? त्या बाईनं भावासंग बोलणं सोडलं गा. आज सांग. नाई तर मी जाऊन सांगतो."

ब्रशाचं टोक जुळवायला आम्ही सगळेच तो ओठांत धरून फिरवतो. ही आमची जुनी खोड. त्या संध्याकाळी मॅडम एकट्या दिसल्या तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. शिपाई, शिसं, कानस, ब्रश. सांगताना कान तापले होते. मॅडम हसल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "वा, फोटो आहे का?" मोबाइलमधला फोटो त्यांनी मोठा करून करून पाहिला. मला रडू आलं. इतके दिवस जे लपवलं ते सांगणं एवढं सोपं होतं.

पण पळीचं मी तेव्हाही सांगितलं नाही. ब्रश तोंडात घालणं ही माझ्या जिवाशी केलेली चूक होती. पळी ही दुसऱ्याच्या जिवाशी केलेली. पहिली कबूल करता येते. वितळवतो कशात, हे मॅडमनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुनंदाला मी ब्रशाचं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, भावाला फोन केला, रडत रडत माफी मागितली. हळद सुटली. मी सुटलो असं मला वाटलं.

दुसरा रिपोर्ट

सुटलो नव्हतो. मॅडमनी सुनंदाचंही रक्त घेतलं होतं, सहज म्हणून. त्याचा रिपोर्ट घेऊन त्या आल्या तेव्हा सुनंदा माझ्या पलंगावर बसून प्राचीशी फोनवर बोलत होती. प्राची आमची एकुलती एक, अमरावतीला दिली. पहिलं बाळंतपण, आठवा लागलेला. नववा लागला की माहेरी येणार होती. तिच्यासाठी मागची खोली सुनंदानं केव्हाची रंगवून ठेवली होती, जुन्या सुती साड्या धुऊन दुपटी शिवली होती. महिन्याभरापूर्वी डोहाळजेवणाला प्राची येऊन आठवडाभर राहूनही गेली होती.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याही रक्तात शिसं आहे. काकांइतकं नाही, पण आहे."

"मी तर ब्रश नाई घेत तोंडात," सुनंदा म्हणाली.

"तेच म्हणते मी. काकांचं ब्रशानं समजलं. तुमच्यात आलं कुठून? घरात अजून काही तरी आहे." मग मॅडमचं लक्ष फोनकडे गेलं. "मुलगी प्रेग्नंट आहे ना तुमची? ती येणार आहे ना इकडे? हे सापडल्याशिवाय तिला त्या घरात आणू नका. बाळाला याचा फार त्रास होतो."

फोन चालूच होता. प्राचीचं 'हॅलो, आई, हॅलो' ऐकू येत होतं.

तेव्हा मी बोललो. शूरपणा नाही, मागे सरकायला जागाच उरली नव्हती. म्हणालो, "पळी आहे. फोडणीची. मी तिच्यात शिसं वितळवत होतो."

सुनंदानं फोन बंद केला. "कोणती?" तिनं विचारलं. "लांब दांड्याची?"

"हो."

"काठ वाकला ते..."

"मी वाकवला."

तिनं फोन पिशवीत घातला. शिव्या दिल्या असत्या तर मी हात जोडले असते. ती म्हणाली, "प्राचीच्या डोहाळजेवणाच्या कढीले त्याच पळीनं फोडणी देल्ली मी. पोरगी दोन वाट्या प्याली. आई, तुह्या हातची कढी, म्हणे."

मग ती उठली, पदर सावरला आणि मॅडमला विचारलं, "पोरीचं रक्त अमरावतीले तपासता येते काय?" मला काहीच विचारलं नाही.

वाट पाहणं

प्राचीला फोन मी केला. सुनंदानं मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "लहानपणी मी किती रडायची बाबा, मलाही शिपाई रंगवायचे म्हणून. तुम्ही हात लावू दिला नाही."

"तू रंग बिघडवशील म्हणून," मी म्हणालो.

"बरंच झालं मग," ती म्हणाली. माझ्या कंजूषपणानं ती लहानपणी वाचली. या आजारातली ही एक कृपा, पण तिच्याकडे मान वर करून पाहता येत नाही.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "इथे सासूबाईंना मी एवढंच सांगते की घरच्या भांड्यांतून काही झालं. तुमचं, शिपायांचं नाही सांगत. उगाच हसतील."

मी म्हणालो, "हो, तसंच सांग." किती चटकन म्हणालो, ते आजही कानात आहे.

तिचा रिपोर्ट येईपर्यंत सुनंदा आणि मी एका घरात राहत होतो एवढंच. मला घरी सोडलं होतं, कॅप्सूल चालू होत्या. सुनंदालाही औषध सुरू झालं. ती वेळेवर जेवण वाढायची, गोळ्या पुढं ठेवायची. स्वयंपाकघरातली भांडी तिनं झाडून सारी काढली, नवी आणली. ओल्या फडक्यानं भिंती, खिडक्या, मांडण्या पुसत होती, पुन्हा पुन्हा. मी मदतीला गेलो तर म्हणायची, "तुम्ही बसा." बसून राहणं ही मला मिळालेली शिक्षा होती. रागानं दिलेली नाही, तिनं विचार करून दिलेलीही नाही. ती आपोआप झाली होती.

प्राचीच्या रक्तात शिसं निघालं. थोडं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या घ्या, पुन्हा तपासू, आणि माहेरी जाऊ नका. सुनंदानं हे फोनवर ऐकलं, 'बरोबर हाये, बरोबर हाये' म्हणाली, अन् मग मागच्या खोलीत जाऊन दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, हे तिचं वर्षानुवर्षांचं मनातलं काम. ते विहीणबाई करणार होत्या.

फौज मी बोरकरच्या मदतीनं हातमोजे घालून पत्र्याच्या पेटीत भरली अन् झाकणाला चिकटपट्टी मारली. साचे फेकले. ज्यांना हा नाद आहे त्यांना हात जोडून सांगतो, शिसं घरात ओतू नका. हौस असेल तर बिनशिशाचा धातू मिळतो. स्वयंपाकघराची पायरी सामानानं ओलांडायची नाही. ब्रश तोंडात नाही. आणि डॉक्टरनं छंद विचारला की खरा सांगायचा. मला अजूनही पेटी दिसली की आतला तो लाल फेट्याचा घोडेस्वार आठवतो, त्याची मिशी किती छान जमली होती ते आठवतं. मला तो अजूनही आवडतो. याचीही लाज वाटते.

डबा

मुलगी झाली. वजन ठीक, रडणं ठणठणीत. बाळाचंही रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, काळजीसारखं दिसत नाही, पण वाढीवर लक्ष ठेवू. म्हणजे ती चालायला लागेल, बोलायला लागेल, शाळेत जाईल, आणि प्रत्येक वेळी मी मनात मोजत बसेन की वेळेवर झालं ना.

नाव ठेवायला आम्ही अमरावतीला गेलो. सुनंदानं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते. कढई नवी, झारा नवा, डबासुद्धा नवा. वर पांढऱ्या फडक्याची गाठ. एसटीत तो डबा तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही.

वंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, जेवणं झाली. पाहुणे बसले होते. मी पाणी प्यायला आत गेलो तर डबा फळीवर तसाच, गाठ सुनंदानं घरी मारलेलीच. सुनंदाही मागून आली होती, तिनंही पाहिलं. प्राची पलंगावर बाळाला घेऊन बसली होती, शेजारी विहीणबाई.

"दोन लाडू काढू काय वं?" सुनंदानं विचारलं.

प्राचीनं सासूकडे पाहिलं, मग खाली. "आई, डॉक्टरांनी सध्या बाहेरचं खाऊ नको म्हटलं."

"बरोबर हाये वं," सुनंदा लगेच म्हणाली.

विहीणबाई समजुतीच्या सुरात बोलल्या. वाईट बाई नाहीत त्या. "मनावर घेऊ नका ताई. पण भांड्याकुंड्याकडं बाईनंच ध्यान द्या लागते. आपल्या चुकीनं लेकराले कायले भोगा लागावं?"

सुनंदा हसली. "हो ना," म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही.

मी दारातच उभा होतो. मागे बैठकीत जावई, त्याचे काका, शेजारी, सगळे. मी म्हणालो, "विहीणबाई, भांडी तिनं नाही बिघडवली. मी बिघडवली. मी शिशाचे शिपाई करतो, खेळायचे. हिच्या नकळत हिच्या पळीत शिसं वितळवत होतो. हिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

बैठकीतल्या माना दाराकडे वळल्या. मग मागून कोणीतरी, जावयाचे काकाच असावेत, म्हणाले, "खेळायचे? म्हणजे बाहुल्या?"

"हो," मी म्हणालो. "बाहुल्याच."

एकजण फसकन हसला आणि लगेच गप्प झाला. प्राची बाळाकडे पाहत होती, तिचे कान लाल झाले होते. विहीणबाई उठल्या, म्हणाल्या, "बसा भाऊ, चहा ठेवते." त्यांनी डबा उघडला नाही. उघडायलाही नको होता, डॉक्टर नको म्हणाले होते. निघताना सुनंदानं तो फळीवरून उचलला आणि कोणी थांबवलं नाही.

परतीच्या एसटीत दुपारचं ऊन तिच्या बाजूनं येत होतं. तळेगाव गेलं. मग तिनं मांडीवरच्या डब्याची गाठ सोडली.

"कढई नवी घेतली होती मी," ती म्हणाली. "डिंक, खोबरं, सारं नवं."

"मला माहीत आहे."

"तुमाले माहीत होतं. त्यायले कोण सांगणार होतं?"

"आज सांगितलं ना."

"आज," ती म्हणाली. तिनं एक लाडू काढला, फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला. उरलेला अर्धा धरून तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"हात धुतले काय?"

नव्हते धुतले. तिनं लाडू डब्यात ठेवला, पाण्याची बाटली काढली, माझे दोन्ही हात धरून खिडकीबाहेर काढले आणि पाणी ओतलं. बोटांच्या मधून, नखांवरून, मनगटापर्यंत. पदरानं पुसले. मग तो अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवला.